मीटर बंद पडलेल्या जुन्या बी-२७५ चे फेरे कसे मोजायचे, आणि स्क्रूला हात केव्हा लावायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांचा १९७४ चा इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर बारा वर्षं गोठ्याशेजारी उभा होता, तो तुम्ही चालू केलाय. फेरे दाखवणाऱ्या मीटरची केबल कधीचीच तुटलीय. स्लोवर, म्हणजे रेस पूर्ण सोडल्यावर, इंजिन एका जागी राहत नाही, ‘हूंऽ हूंऽ’ करत वर-खाली होतं. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, मळणी यंत्र लावून बियाण्याचं सोयाबीन काढायचंय आणि यंत्रावर ५४० (मिनिटाला फेरे) लिहिलंय. गावातल्या मिस्त्रींनी कान लावून सांगितलं, ‘दोन हजारावर पळतंय, रेसचा स्क्रू दीड फेरा आत घ्या.’ घेऊ का?

नका घेऊ. निदान आज तरी नाही.

मिस्त्रींच्या कानाला मी नावं ठेवत नाही. पस्तीस-चाळीस वर्षं मीही कानावरच भाकरी खाल्ली. पण कान फरक सांगतो, आकडा सांगत नाही. ‘कालच्यापेक्षा आज जास्त पळतंय’ एवढं कानाला कळतं. सायलेन्सरला तळाशी गंजून भोक पडलं की तेच इंजिन तीनशे फेरे जास्त वाटतं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं की आणखी दोनशे. माझ्या डोळ्यांदेखत एकाच गाडीला दोन जुन्या फिटरांनी चौदाशे आणि एकोणीसशे सांगितलंय, आणि दोघंही पैज लावायला तयार होते.

आधी गाडीबद्दल थोडं. बी-२७५ मूळचा इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा, १९५८ पासूनचा. आपल्याकडे १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला तो बनू लागला. इंजिन बीडी-१४४, म्हणजे १४४ घनइंच, चार सिलिंडर, हीटर प्लगवालं. पूर्ण ताकदीचे फेरे १८७५, आणि त्या फेऱ्यांवर सुमारे ३५ अश्वशक्ती. हा १८७५ आकडा भाराखालचा आहे. बिनभाराची गाडी पूर्ण रेसवर याच्या आठ-दहा टक्के वर जाते, म्हणजे २०२५ ते २०६०. फेरे ताब्यात ठेवणाऱ्या गव्हर्नरचा तो स्वभावच आहे, बिघाड नव्हे. त्यामुळे मिस्त्रींचे ‘दोन हजार’ योगायोगाने खरे असले, तरी तुमची गाडी बरोबर चाललीय. दीड फेरा आत घेतलात तर नांगराला लावल्यावर ‘गाडीत दम राहिला नाही’ म्हणून परत माझ्याकडेच याल.

आता मोजायचं कसं. हातात धरायचा लेझर टॅकोमीटर हजाराच्या आत-बाहेर मिळतो, चमकणारी पट्टी चिकटवायची आणि लाल ठिपका मारायचा. घ्या अवश्य. पण ठिपका इंजिनच्या पुढच्या क्रँक पुलीवरच मारा. पंख्यावर मारलात तर तो प्रत्येक पातं मोजतो, डायनॅमोच्या पुलीवर मारलात तर पुलीच्या मापाचा फरक आणि पट्ट्याची घसरण दोन्ही आकड्यात येतात. पुली गंजून घासली गेली असेल तर तिच्या चकाकीलाही तो पट्टी समजतो. आधी पुलीला काळा रंग मारा, मग एकच पट्टी लावा. आणि या स्वस्त मीटरवर मी एकट्यावर कधी विश्वास ठेवत नाही. त्याला तपासायला माझ्याकडे एक फुकटचा पंच आहे.

तो म्हणजे जुनी चोकवाली ट्यूबलाइट.

आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. चोकवाली ट्यूब प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. क्रँक पुलीवर खडूने किंवा पांढऱ्या रंगाने मध्यापासून कडेपर्यंत एकच रेघ मारा. संध्याकाळी शेडमध्ये गाडी घ्या, दार सताड उघडं ठेवा, धूर कोंडता कामा नये. एक ट्यूब पुलीजवळ धरा. इंजिन १५०० वर आलं की सेकंदाला २५ फेरे होतात, एका फेऱ्यात ट्यूब चार वेळा चमकते, आणि तुमची एकच रेघ चार रेघांचं स्वच्छ अधिक-चिन्ह होऊन जागच्या जागी उभी दिसते. २००० ला तीन रेघा दिसतात, १२०० ला पाच, १००० ला सहा. हिशेब सोपा आहे: ६००० भागिले फेरे.

ते चिन्ह पुली फिरते त्याच दिशेने हळूहळू सरकत असेल तर इंजिन १५०० च्या वर आहे, उलटं सरकत असेल तर खाली. त्याची एक पूर्ण प्रदक्षिणा व्हायला सहा सेकंद लागत असतील तर फरक नेमका दहा फेऱ्यांचा. असं बारीक मोजमाप देणारं यंत्र विकत घ्यायला गेलात तर बराच पैसा जाईल.

वीज भरवशाची असते का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. दाब पडतो हे खरं, संध्याकाळी पंखे रांगतात. पण आवर्तनं पडत नाहीत. ती एका गावाची नसतात, सगळ्या देशाची एकच असतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली तेव्हा दक्षिणेचं जाळंही बाकी देशाशी एकतालात आलं. त्याचा ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ आहे. १५०० फेऱ्यांत ही चूक तीनाच्या आसपास होते. मात्र जनरेटरच्या किंवा इन्व्हर्टरच्या विजेवर हा प्रयोग करू नका. एलईडीच्या नळ्या आणि इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबाही चालत नाहीत, त्या अशा लुकलुकतच नाहीत किंवा फारच वेगाने लुकलुकतात. भंगारवाल्याकडून तांब्याच्या चोकची जुनी पट्टी आणा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. या उजेडात फिरती पुली थांबलेली दिसते. दिसते, थांबलेली नसते. पंखाही कधी कधी थांबल्यासारखा दिसतो. उपरणं, लोंबती बाही, गळ्यातला दोरा, काही नको. धाकट्या पोरांना त्या वेळी शेडमध्ये घेऊच नका, त्यांना हात लावून बघायचा मोह होतोच.

मोबाइलचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. पहिली, संथगती चित्रीकरण. सेकंदाला २४० चौकटी (फ्रेम) घेणारा फोन असेल तर रेघ मारलेल्या शाफ्टचं चित्रीकरण करा आणि दहा फेऱ्यांना किती चौकटी लागल्या ते मोजा. १,४४,००० ला त्या संख्येने भागलं की फेरे निघतात. पीटीओ ५४० वर असेल तर दहा फेऱ्यांना २६७ च्या आसपास चौकटी लागतील. फोन चौकटींच्या बाबतीत खोटं बोलतात, म्हणून बाजूला दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच चालू ठेवून तेही चित्रात घ्या. स्लोचे फेरे मोजायला मला हीच पद्धत आवडते, कारण ६०० ला ट्यूबच्या उजेडात दहा रेघा दिसतात आणि डोळे फिरतात.

दुसरी तऱ्हा आवाजाची. आवाजाचा आलेख दाखवणारी ॲप फुकट मिळतात. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणून आलेखातला मुख्य खांब हर्ट्झमध्ये वाचायचा आणि ३० ने गुणायचा. ५० हर्ट्झ म्हणजे १५००. कुणाकडे तीन सिलिंडरचा मॅसी (मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर) असेल तर ४० ने गुणा. इथली खोच अशी की फोनचे माइक खालचे स्वर नीट ऐकत नाहीत. ५० चा खांब बुटका आणि १०० चा उंच दिसतो, आणि माणूस तीन हजार फेरे वाचून घाबरतो. सर्वात उंच खांब बघू नका, सर्वात डावीकडचा ठळक खांब बघा.

याच आलेखातून मला फेऱ्यांपेक्षा मोलाची गोष्ट मिळते. चारही सिलिंडर सारखं काम करत असतील तर ५०, १००, १५० असे सुटसुटीत खांब येतात. एखादा सिलिंडर आळशी झाला की मधल्या जागेत १२.५, २५, ३७.५, ६२.५ वर लहान खांब उगवतात, कारण तो एकटा सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदाच चुकतो. असं गवत दिसलं तर आधी डिझेलचा फवारा मारणारी नोझल तपासून घ्या. एक नोझल थुंकत असेल तर जगातला कोणताही स्क्रू स्लो स्थिर करणार नाही.

आता पीटीओ. जुन्या गाड्यांत ५४० चा पीटीओ पूर्ण रेसवर येत नाही, बराच आधी येतो. मॅसी ३५ मध्ये तो इंजिनच्या १५०० वर येतो. १९४६ ते १९५६ या काळात कोव्हेंट्रीला बनलेल्या करड्या फर्ग्युसनमध्ये १५०० ला ५४५ मिळतात. तुमच्या गाडीचं गुणोत्तर पुस्तकातून घेऊ नका, कारण पन्नास वर्षांत कुणी कोणता गिअर घातलाय ते आजोबांनाही माहीत नसेल. स्वतः मोजा. इंजिन बंद, स्टॉप ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड, पीटीओ जोडलेला. हीटर प्लग काढा म्हणजे कॉम्प्रेशन सुटेल. पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन फिरवत राहा आणि पीटीओचे दहा फेरे व्हायला क्रँकचे किती लागतात ते मोजा. समजा २८ लागले, तर गुणोत्तर २.८, आणि ५४० साठी इंजिन १५१२ वर हवं. याच हिशेबात १८७५ वर मळणी यंत्राला ६७० मिळतील, आणि तुमचं बियाणं डाळ होऊन बाहेर पडेल. सोयाबीनचं साल पातळ असतं. बाहेरून अखंड दिसणारा दाणाही आतून दुखावला तर उगवत नाही, आणि ते कळतं थेट जूनमध्ये.

बिनभाराचं यंत्र ५६० ते ५६५ वर ठेवा, पेंढ्या टाकायला लागल्यावर ते ५४० च्या आसपास उतरेल. आणि पीटीओ बरोबर आला म्हणून ड्रम बरोबर आला असं समजू नका. यंत्रावरची पुली कुणी बदललेली असते. ड्रमचे फेरे वेगळे मोजा, बियाण्याच्या मालाला ड्रम हळूच हवा.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो, म्हणजे स्लोला होणारी वर-खाली.

इंजिनच्या हवा घेण्याच्या नळीकडे बघा. तिथे फुलपाखरासारखी झडप आहे का, आणि तिच्याजवळून एक बारीक नळी डिझेल पंपाच्या मागच्या गोल डब्याकडे जाते का? जात असेल तर तुमच्याकडे हवेवर चालणारा जुना गव्हर्नर आहे. यात वजनं फिरत नाहीत. तुम्ही हाताने जो एक्सलेटर ओढता तो डिझेलला हात लावत नाही, फक्त ती झडप उघडतो. झडप मिटलेली असली की इंजिनची हवेची ओढ वाढते. ती ओढ बारीक नळीतून डब्यातल्या चामड्याच्या पडद्यावर येते, पडदा रॅकला, म्हणजे पंपातल्या डिझेल कमी-जास्त करणाऱ्या पट्टीला, मागे खेचतो आणि डिझेल कमी होतं. पडद्यामागची स्प्रिंग मात्र सतत उलट ढकलत असते, डिझेल वाढवायच्या बाजूला.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ओढ नाहीशी झाली की स्प्रिंग जिंकते आणि डिझेल पूर्ण सुटतं. म्हणजे बारीक नळी तुटली, तिचा नट सैल राहिला किंवा पडदा फाटला, तर गाडी बंद पडत नाही, उलट सुसाट सुटते.

मी शिकाऊ होतो तेव्हा पंप बसवून ही नळी जोडायची राहिली. स्टार्टर मारला आणि इंजिन असं ओरडायला लागलं की मी पाना टाकून पळालो. उस्ताद मात्र पुढे झाले. घरातून जेवायचा पाट मागवला, हवेच्या उभ्या नळीवरची टोपी उडवली आणि पाट दाबून धरला. दहा-बारा सेकंदांत इंजिन गुदमरून थांबलं. मला ओरडले नाहीत. पाट परत देताना घरच्या बाईंना एवढंच म्हणाले, ‘पोरानं वाचवला हो तुमचा ट्रॅक्टर.’ महिनाभर मला त्यावरून चिडवत होते सगळे.

म्हणून गाडी सुरू करण्याआधी एक सपाट जाड फळी हाताशी ठेवा. तळहात लावायचा नाही आणि पोतंही नाही, पोतं आत ओढलं जातं. हवेच्या गाळणीच्या तेलाच्या वाटीत खुणेच्या वर तेल भरलेलं असेल तर तेही आधी कमी करा. जास्तीचं तेल इंजिन पिऊ लागलं तर स्टॉप ओढूनही ते थांबत नाही. गाळणी मात्र स्वच्छ हवी. ती तुंबली की ओढ वाढते, गव्हर्नर फसतो आणि गाडी पूर्ण रेसला जात नाही. कित्येक जण अशा वेळी रेसचा स्क्रू सोडवतात. मग कधीतरी कोणी गाळणी धुतो आणि गाडी पळत सुटते.

पडद्याची चाचणी बंद इंजिनवर होते. पंपावरची बारीक नळी काढा. स्टॉपचा दांडा पूर्ण ओढून धरा म्हणजे रॅक मागे जाईल. नळी जिथे बसते ते तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि आता दांडा सोडा. पडदा शाबूत असेल तर रॅक थोडा सरकून अडखळतो आणि फार हळू पुढे येतो. काही सेकंदांत सरळ पुढे आला तर पडदा गळतोय. बारा वर्षं उभ्या गाडीचा पडदा बहुधा वाळून पापड झालेला असतो. हलक्या इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब देऊन रात्रभर ठेवा, कधी कधी तेवढ्यावर जिवंत होतो. नाहीतर बदला, फार महाग नसतो. बारीक नळीच्या दोन्ही टोकांचे नट, झडपेच्या दांड्याची झिजलेली भोकं, मॅनिफोल्डचं गॅस्केट, यांतून चोरून हवा येत असेल तरी हीच वर-खाली होते. टॅपेट आणि डिझेल लाईनमधली हवाही याच दिवशी बघून घ्या.

हे सगळं झालं, इंजिन वीस मिनिटं चालून पाणी गरम झालं, की मग स्क्रू. झडपेच्या दांड्याला दोन थांबे असतात. मिटण्याच्या बाजूचा स्लोचा, उघडण्याच्या बाजूचा रेसचा. आधी हातातला एक्सलेटर दोन्ही टोकांना नेल्यावर दांडा खरोखर थांब्यांना टेकतो का ते वाकून बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, कारण मधल्या सळ्यांचे सांधे झिजलेले असतात. स्लो मी ६०० धरतो. चेकनट सैल करा, पाव पाव फेरा फिरवा, प्रत्येक वेळी इंजिनला अर्धा मिनिट द्या. स्लो जमल्यावरही किंचित झुलत असेल तर गव्हर्नरच्या डब्यावर मागे एक छोटा स्क्रू असतो, झुलणं दाबायचा. तो आधी मोकळा करा आणि झुलणं थांबेल एवढाच आत घ्या. जास्त घेतलात तर रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला कुरकुरेल. शेवटी एक्सलेटर झटक्यात पूर्ण ओढून झटक्यात सोडा. इंजिन सरळ स्लोवर यायला हवं, मरायला नको आणि वर अडकायलाही नको.

रेसच्या स्क्रूचं गणित सरळ आहे: झडप जास्त उघडली की फेरे जास्त. बिनभाराचे २०६० च्या वर जात असतील तरच झडपेचं उघडणं थोडं कमी करा. त्यासाठी ट्यूबखाली २००० च्या तीन रेघा आणि लेझर, दोघांची साक्ष एक यायला हवी. दोघांत पन्नासहून जास्त फरक पडला तर स्क्रूला हात लावू नका, मोजणीतली चूक शोधा.

तुमच्या पंपावर बारीक नळीच नसेल, म्हणजे मागाहून वजनांच्या गव्हर्नरचा पंप बसवलेला असेल, तर स्लोचा स्क्रू तुम्ही फिरवा. पण रेसचा स्क्रू सहसा तार आणि शिशाच्या मोहरेखाली असतो, तो पंप लॅबवाल्याकडे जाऊ द्या. मॅसीच्या गोल पंपालाही हेच लागू. ते काम घरी करण्यात शहाणपण नाही.

मीटरची केबल लगेच शोधू नका. त्या जुन्या मीटरमधला तासांचा आकडा म्हणजे घड्याळ नव्हे, तो इंजिनचे फेरेच मोजतो आणि ठरावीक फेऱ्यांवरच त्याचा तास खऱ्या तासाएवढा असतो. तुमच्या मीटरवर जे तास दिसतात ते केबल तुटली त्या दिवशीचे आहेत. तोवर १५१२, किंवा तुमचं जे गुणोत्तर निघेल त्याचे फेरे, एकदा पक्के झाले की एक्सलेटरच्या पट्टीवर कानशीने बारीक खाच पाडून तिच्यात लाल रंग भरा. मळणीच्या धुळीत मीटर कुणी बघत नाही, ही खाच बोटाला लागते.

तुम्ही आधी पडद्याची चाचणी करा आणि रॅक किती सेकंदांत पुढे आला ते कळवा. त्यावर पुढचं ठरेल.